म्युनिकच्या मित्राकडे किती दिवस राहावे, आणि त्यासाठी कागदपत्रे कशी जुळवावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ त्रेसष्ट वर्षांचे आहेत. सांगलीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यावर काही वर्षे नोकरी करून ते तासगावजवळच्या वडिलोपार्जित द्राक्षबागेकडे परतले. त्यांच्या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. वसतिगृहात चार वर्षे एकाच खोलीत राहिलेला त्यांचा मित्र पंचवीसएक वर्षांपासून जर्मनीतील म्युनिक येथे सहकुटुंब राहतो, आणि 'या उन्हाळ्यात दीड महिना या, हॉटेलबिटेल काही बघू नका' असा त्याचा आग्रह आहे. शेतीच्या उत्पन्नावर व्हिसा मिळतो का, मित्राकडून हमीपत्र घ्यावे का, किती दिवस राहावे, काय पाहावे आणि सोबत काय न्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

गेली बावीस वर्षे मी सांगलीत परदेश प्रवासाची कागदपत्रे आणि आखणी यांचेच काम करीत आहे, आणि त्या अनुभवावरून आपल्या प्रश्नांचा क्रम मी थोडा बदलणार आहे. किती दिवस राहायचे, हे आधी ठरले पाहिजे. व्हिसाचा अर्ज, विम्याचा हप्ता, विमानाचे तिकीट आणि मित्राच्या घरातले वातावरण या चारही गोष्टी त्या एका आकड्यावर अवलंबून असतात.

माझे स्पष्ट मत असे आहे की दीड महिना राहू नये. अठरा दिवस पुरेसे आहेत, फार तर वीस. मित्राच्या आग्रहात खोट आहे असे मी म्हणत नाही. आपण शेतीत आहात आणि वहिनी निवृत्त आहेत, त्यामुळे आपल्या दोघांचाही वेळ मोकळा आहे. परंतु जर्मनीत निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत नेण्यात येत आहे, आणि आपल्या वयाचा आपला मित्र अजून रोज सकाळी कामावर जातो. पाच दिवसांच्या आठवड्यासाठी तेथील कायद्याने वर्षाला किमान २० दिवसांची रजा मिळते. पुष्कळ कंपन्या तीसच्या आसपास देतात, परंतु त्यातूनच त्याला भारतात आईवडिलांच्या घरी यायचे असते, स्वतःच्या कुटुंबाबरोबर कुठे जायचे असते आणि अडीअडचणीसाठी चार दिवस राखायचे असतात. आपल्याकडे पाहुणा आला की घरात सून असते, भाचा असतो, शेजारी असतो, स्वयंपाकाला हातभार लावणारी बाई असते. तेथे मित्र आणि त्याची पत्नी दोघेही नोकरी करतात. स्वयंपाक, भांडी, कपडे आणि कचरा हे सर्व त्यांनाच करावे लागते. 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई' ही आपली म्हण जरा कडवट आहे आणि युरोपला जाऊन तीन दिवसांत परत येणे शक्यही नाही. परंतु तिच्यातले दुखणे खरे आहे. या सहलीत सर्वांत महाग वस्तू विमानाचे तिकीट नसून मित्राची रजा आहे, असे समजून आखणी करावी.

माझ्या पद्धतीने अठरा दिवसांची मांडणी अशी होईल. गुरुवारी पोहोचावे, म्हणजे शुक्रवारी विश्रांती होते आणि पहिला शनिवार-रविवार मित्राबरोबर घालवता येतो. त्यानंतरचा सोमवार ते शुक्रवार आपण दोघांनी शहर स्वतःच्या पायांनी पाहावे. सकाळी मित्राबरोबरच घराबाहेर पडावे आणि संध्याकाळी त्याच्या आधी घरी येऊन निदान कुकर लावून ठेवावा. दुसऱ्या आठवड्याच्या मध्यावर तीन-चार रात्री आपण दोघेच बाहेरगावी जावे. हा भाग लोक सहसा टाळतात, कारण 'घर असताना हॉटेलचा खर्च कशाला' असे त्यांना वाटते. पण या चार दिवसांत मित्राचे घर पुन्हा त्याचे होते, त्याच्या पत्नीला हवा तसा आराम मिळतो, आणि आपण परतलात की सांगण्यासारखे काही घेऊन येता. शेवटचे दिवस पुन्हा एकत्र घालवावेत. मित्राने रजा घ्यायचीच असेल तर ती दोन दिवसांची, आणि शेवटच्या आठवड्यात घ्यावी, असे आपणच त्याला सुचवावे. पहिल्या आठवड्यात घेतलेली रजा विमानतळ, सिमकार्ड आणि झोपेचे गणित जुळवण्यातच जाते.

कधी जावे, हे आपल्या बागेनेच ठरवले आहे. एप्रिलमधील खरड छाटणी, त्यानंतरची विरळणी आणि सबकेन (मुख्य काडी खुडून पोटकाडी वाढवणे) उरकली की जूनच्या मध्यापासून आपल्याला थोडी उसंत मिळते; पुढे फळछाटणी सुरू झाली की घर सोडणे अवघड होते. योगायोगाने तेथेही हाच काळ सोयीचा आहे. म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियातील शाळांना मे-जूनच्या सुमारास दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि मोठी उन्हाळी सुट्टी ऑगस्टच्या आसपास सुरू होते. या दोन्हींच्या मधल्या काळात गेल्यास पर्यटनस्थळी हॉटेले तुलनेने स्वस्त मिळतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत भरणारा ऑक्टोबरफेस्ट पाहण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी. परंतु १८१० मध्ये सुरू झालेल्या या जत्रेच्या दिवसांत शहरातील राहण्याचे दर आणि गर्दी दोन्ही सोसण्यापलीकडे जातात. जूनचा आणखी एक मोठा फायदा म्हणजे सूर्य रात्री सव्वानऊच्या सुमारास मावळतो. मित्र सहा वाजता कामावरून परतला तरी त्याच्याजवळ उजेडाचे तीन तास उरतात. भेटायला गेलेल्या माणसाला खरे तर एवढेच हवे असते. हवा मात्र बेभरवशाची असते. दुपारी ऊन आणि संध्याकाळी गडगडाटी पाऊस हे नित्याचे आहे, म्हणून एक स्वेटर आणि पावसाचे जाकीट हाताशी असावे.

आता कागदपत्रांकडे वळू. आपण सर्वाधिक रात्री जर्मनीत राहणार असल्यामुळे अर्ज जर्मनीकडेच करावयाचा. वाटेत ऑस्ट्रियात दोन-तीन रात्री काढल्या तरी त्याच शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातील अनेक देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसावर, जाता येते, कारण सध्या २९ देश या व्यवस्थेत आहेत. कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि त्यात पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज स्वीकारला जातो. निर्णयास साधारण १५ दिवस लागतात, आणि शंका असल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. जूनच्या प्रवासासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पुण्याच्या व्हिसा अर्ज केंद्रातील वेळ मिळेल अशा बेताने तयारी करावी. प्रौढांसाठी शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, केंद्राचा सेवाखर्च वेगळा पडतो, आणि अर्ज नाकारला गेल्यास यातले काहीही परत मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात दोन कोरी पाने असावीत. विमानाचे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी पूर्ण पैसे भरून काढू नये. अर्जासाठी आरक्षणाचा कागद चालतो.

शेतीच्या उत्पन्नावर व्हिसा मिळतो, हे मी निःशंकपणे सांगतो. परंतु ते उत्पन्न कागदावर नीट वाचता आले पाहिजे. अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने द्राक्षबाग पाहिलेली नसते. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: या दोघांचा खर्च कोण करणार, आणि ते परत येणार हे कशावरून? शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे आपल्या भागातील पुष्कळ सधन बागायतदारांचे आयकर विवरणपत्र अगदीच किरकोळ दिसते, किंवा भरलेलेच नसते. आपण ते भरत असाल तर त्यात शेतीचे उत्पन्न दाखवलेले आहे ना, हे पाहावे. त्याच्या जोडीला सातबारा व आठ-अ यांचे उतारे आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर, व्यापाऱ्याकडून आलेल्या रकमांच्या पावत्या, आणि बेदाणा विकला असल्यास सौद्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) जोडाव्यात. येथे एक बारकावा आहे, आणि त्यावर मी अनेक चांगले अर्ज अडलेले पाहिले आहेत. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारी ते एप्रिल या काळात एकदम येतात, आणि अर्जाला जोडायचा बँकेचा उतारा नेमका त्याच तीन महिन्यांचा असतो. एरवी शांत असलेल्या खात्यात अचानक सात-आठ लाख जमा झालेले दिसले की अधिकाऱ्याला वाटते, कोणीतरी उसने पैसे भरून खाते फुगवले आहे. अशा प्रत्येक मोठ्या नोंदीसमोर त्या तारखेची पट्टी लावावी, आणि उतारा तीनऐवजी बारा महिन्यांचा द्यावा, म्हणजे मागच्या हंगामातही याच महिन्यांत पैसे आले होते हे दिसते. पावती नसलेली रोख रक्कम मात्र अर्जाच्या तोंडावर खात्यात भरू नये.

वहिनींचे काम सोपे आहे. निवृत्तिवेतनाचा आदेश आणि दरमहा खात्यात जमा होणारे वेतन यांहून बोलका पुरावा नसतो. त्यांच्या बाबतीत मला काळजी वाटते ती नावाची. सेवापुस्तकात माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, आधारवर तिसरेच काही, असे आपल्याकडे हमखास आढळते. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवावा आणि सर्व कागदांवर पासपोर्टप्रमाणे नाव असावे, एवढी दक्षता पुरे.

या सर्वांवर एक पानाचे सहपत्र असावे. आम्ही कोण, मित्राची ओळख कोठली, किती रात्री त्याच्याकडे आणि किती हॉटेलात, खर्च कोणाचा, आणि परत का येणार, हे त्यात साध्या भाषेत लिहावे. मित्र हा नातेवाईक नसतो, म्हणून मैत्री कागदावर कशी दाखवायची, असा प्रश्न लोक मला विचारतात. पदवीच्या प्रमाणपत्रावरील महाविद्यालय आणि वर्ष दोघांचेही एकच असेल तर त्याची प्रत जोडावी. वसतिगृहातला एखादा जुना फोटो आणि अलीकडच्या भेटीतला एखादा, असे दोन फोटो जोडण्यासही हरकत नाही. आपल्या बागेच्या बाबतीत परत येण्याचे कारण तर कॅलेंडरनेच दिलेले आहे. पुढील फळछाटणी कोणत्या महिन्यात आहे, हे सहपत्रात जरूर लिहावे.

हमीपत्राविषयी माझे मत बहुतेकांना रुचत नाही. जर्मनीत त्याला 'फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग' असे भले मोठे नाव आहे. यजमानाने परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जाऊन, आपल्या पगाराचे कागद दाखवून आणि २९ युरो भरून ते घ्यायचे असते. पाहुण्याचा राहण्याचा, औषधोपचाराचा आणि प्रसंगी त्याला परत पाठवण्याचा खर्च मी देईन, अशी ती कायद्याने बांधणारी जबाबदारी असते. आपल्याकडे स्वतःचे साधन नसते, तर मी हे घ्याच म्हटले असते. परंतु ज्याची बाग आहे, ज्याच्या घरात निवृत्तिवेतन येते, त्याने मित्राला या बंधनात का अडकवावे? त्याच्याकडून साधे निमंत्रणपत्र, त्याच्या पासपोर्टची किंवा निवास परवान्याची प्रत आणि त्या पत्त्यावर तो राहतो असा नगरपालिकेचा नोंदणी दाखला मागवावा. खर्च आमचा आम्ही करू, असे सहपत्रात लिहावे आणि ते बँकेच्या कागदांनी दाखवावे. बोलण्यात 'तुमचे आमचे काय वेगळे आहे' असे कितीही म्हटले, तरी तिसऱ्या देशाच्या सरकारसमोर हिशेब स्वच्छ असलेला मैत्रीलाही बरा पडतो.

विमा किमान ३०,००० युरोचा आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालणारा हवा, एवढे व्हिसाच्या नियमात आहे. साठीनंतरच्या माणसाने तेवढ्यावर थांबू नये. रक्तदाब किंवा मधुमेह आधीपासून असेल तर त्यातून उद्भवलेल्या तातडीच्या उपचाराचा खर्च ही पॉलिसी देते की नाही, हे एजंटाच्या तोंडी शब्दावर न सोडता पॉलिसीच्या कागदात वाचावे. स्वस्त पॉलिसीत हीच ओळ बहुधा वगळलेली असते. औषधे पूर्ण मुदतीची आणि चार दिवसांची जास्त घ्यावीत, ती केबिनच्या बॅगेत ठेवावीत, आणि डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावे लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी घ्यावी. साधे प्रतिजैविकही तेथील दुकानात चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तातडीच्या प्रसंगी ११२, आणि रात्री-अपरात्री डॉक्टरची गरज भासली पण जीवावरचे नसले तर ११६११७, हे दोन क्रमांक फोनमध्ये घालून ठेवावेत.

पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे घेतले जातात. आयुष्यभर सिकॅटर (छाटणीची कात्री) हातात धरलेल्या शेतकऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि यंत्र ते ठसे पुनःपुन्हा नाकारते. आठवडाभर आधीपासून रात्री हाताला खोबरेल तेल लावून झोपावे, हा माझा साधा उपाय पुष्कळांना उपयोगी पडला आहे. एकदा घेतलेले ठसे ५९ महिने ग्राह्य धरले जातात. खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या तर वेळ हुकते, म्हणून आदल्या रात्रीच पुण्यात मुक्कामाला जावे. पूर्वी कधी व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लपवू नये, कारण ती नोंद त्यांच्या प्रणालीत पाच वर्षे राहते. जर्मनीने नकारानंतरचा लेखी फेरविचार १ जुलै २०२५ पासून बंद केला आहे. आता नवा अर्ज करणे किंवा न्यायालयात जाणे एवढेच मार्ग उरले आहेत, म्हणून पहिल्याच अर्जात काहीही सैल ठेवू नये.

सामानाच्या बाबतीत मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण आपल्याकडचा माणूस रिकाम्या हाताने मित्राकडे जाणे शक्यच नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, घरचे तूप, बासुंदी आणि खवा घातलेली कोणतीही मिठाई येथेच ठेवावी लागेल. माझ्याकडून गेलेल्या एका दांपत्याने माझे न ऐकता दोन किलो कंदी पेढे नेले. विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याने ते त्यांच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या पेटीत टाकले, आणि त्या बाई मला आजही ते दुःख सांगतात. ताजी फळे-भाज्याही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे द्राक्षे, आंबा आणि कढीपत्ता यांचा विचार सोडावा. केळी, नारळ, अननस, खजूर असे मोजके अपवाद आहेत, पण म्युनिकला कोणी केळी नेत नाही. नेता येण्यासारखे मात्र आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहे. आपल्याच बागेचा बेदाणा, सांगलीची हळद, भडंग, शेंगदाण्याची चटणी, येसर, भाजणी, शेंगदाण्याची किंवा तिळाची चिक्की यांपैकी कशालाही हरकत नाही; महाबळेश्वरचा मध माणशी दोन किलोपर्यंत चालतो. प्रत्येक वस्तू मूळ पाकिटात किंवा नाव लिहिलेल्या बंद पिशवीत असावी, कारण बिननावाच्या पिवळ्या पुडीचे स्पष्टीकरण देण्यात अर्धा तास जातो. भेटवस्तूंची एकूण किंमत माणशी ४३० युरोच्या आत असावी. लोणचे तपासणीच्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावे. मित्राला काय हवे, हे मात्र त्याच्या पत्नीला विचारावे. मित्र 'काही नको' म्हणतो आणि ती खरी यादी देते.

म्युनिकच्या विमानतळावर उतरल्यावर सीमेवरील अधिकारी का आलात, कोठे राहणार, किती दिवस, एवढेच विचारतात. निमंत्रणपत्र, परतीचे तिकीट आणि विमा हातातल्या बॅगेत असावा. युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश-निर्गमनाची नोंद संगणकावर करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली; तीत पासपोर्टवरील शिक्क्याची जागा चेहऱ्याच्या फोटोसह होणाऱ्या नोंदीने घेतली आहे. म्हणून मुक्कामाचा एक दिवसही जास्त झाला तर तो आपोआप दिसतो. शहरात जाण्यासाठी एस-१ आणि एस-८ या लोकल आहेत. मुख्य चौकापर्यंत चाळीसएक मिनिटे लागतात. तिकिटावर वेळेचा शिक्का मारावा लागत असेल तर तो गाडीत चढण्यापूर्वी मारावा. फाटक नसते, तपासनीस साध्या कपड्यांत येतो, आणि दंड ६० युरो आहे. दोघांनी किंवा चौघांनी मिळून फिरायचे असल्यास पाच जणांपर्यंत चालणारे दिवसाचे सामूहिक तिकीट सर्वांत परवडते.

मित्राच्या घरातल्या काही गोष्टी तो संकोचाने सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. तेथील न्हाणीघरात शॉवरची जागा सोडली तर जमिनीला मोरी नसते. बादली-तांब्याने आंघोळ केली की पाणी बाहेर साचून खालच्या घरात उतरते, आणि मग घरमालकाशी पत्रव्यवहार सुरू होतो. घराचे दार बाहेरून आपोआप बंद होते. मी स्वतः एकदा एका स्नेह्यांकडे फक्त कचरा टाकायला म्हणून किल्ली न घेता खाली उतरलो आणि रविवारी दुपारी तीन तास जिन्यात बसलो. कुलूप उघडणाऱ्याला दिलेल्या पैशांत मला साताऱ्यात दोन दिवस चांगल्या हॉटेलात राहता आले असते. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते, म्हणून रविवारी मिक्सर लावू नये आणि काचेच्या बाटल्या टाकायला जाऊ नये. रविवारी दुकानेही बंद असतात. दूध-भाजी शनिवारीच आणावी. फोडणी देताना झाकण ठेवावे आणि खिडकी उघडावी, कारण प्रत्येक घरात धुराची सूचना देणारे यंत्र बसवलेले असते. प्लास्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते आणि दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की ती परत मिळते. वहिनींनी हे काम आपल्याकडे घेतले तर त्यांचा भाजीचा खर्च त्यातून थोडाफार निघेल. नळाचे पाणी थेट पिण्यायोग्य असते.

शहराविषयी आता थोडक्यात सांगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते. सोमवार ते शुक्रवारच्या आपल्या एकट्याच्या दिवसांत मारिएनप्लात्झ चौक, नवीन नगरभवनावरील ११ आणि १२ वाजता फिरणाऱ्या बाहुल्यांचे घड्याळ, शेजारचा भाजीबाजार, निम्फेनबुर्ग राजवाडा आणि १७८९ मध्ये आखणी सुरू झालेले 'इंग्लिश गार्डन' एवढे आरामात होते. रविवारी काही मोठ्या चित्रसंग्रहालयांना फक्त एक युरो प्रवेशशुल्क असते. आपण अभियंते आहात, म्हणून इसार नदीतील बेटावरच्या 'डॉयचेस म्युझियम'ला पूर्ण दिवस द्यावा; ही संस्था १९०३ मध्ये स्थापन झाली आणि बेटावरील इमारत १९२५ मध्ये उघडली. तासाभराच्या अंतरावर आउग्सबुर्ग आहे, जेथे रुडॉल्फ डिझेलने १८९३ ते १८९७ या काळात आपले इंजिन सिद्ध केले. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या आवाजात लहानाचा मोठा झालेला आपल्या भागातील माणूस त्या गावात उभा राहिला की त्याला राजवाड्यांपेक्षा वेगळे काहीतरी वाटते, असा माझा अनुभव आहे.

नॉयश्वानस्टाइन हा किल्लेवजा राजवाडा सर्वांनाच पाहायचा असतो. दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले आणि १८८६ मध्ये राजा वारला तेव्हाही ते अपुरेच होते; २०२५ मध्ये त्याच्या राजवाड्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वेळेचे तिकीट आधीच काढावे लागते, रेल्वेने जवळच्या फ्युसेन गावापर्यंत दोन तास लागतात, आणि पुढे चढण व आत भरपूर पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर बाहेरूनच पाहून परत यावे. आतला फेरफटका अर्ध्या तासाचा असतो आणि त्यात धावपळच जास्त होते. डाखाउ येथील स्मारक मात्र चुकवू नये. मार्च १९३३ मध्ये उघडलेली ती नाझींच्या पहिल्या छळछावण्यांपैकी एक होती. प्रवेश विनामूल्य आहे. त्या दिवशी दुसरे काहीही ठेवू नये.

मधल्या चार रात्रींसाठी मी ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचे बेर्ख्टेसगाडेन हे डोंगरातले गाव सुचवतो. तेथून क्योनिग्सझे सरोवर जवळ आहे. त्यावर १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या नावा आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कड्यांमध्ये पाण्याचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नाही. जाता-येता साल्झबुर्ग पाहता येते, आणि बव्हेरियाचे दिवसाचे प्रादेशिक रेल्वे तिकीट साल्झबुर्गपर्यंत चालते; आठवड्याच्या कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतर वापरता येते. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असल्यामुळे आणि परतताना जर्मन पोलीस गाडीत तपासणी करीत असल्यामुळे पासपोर्टची प्रत न नेता मूळ पासपोर्टच सोबत ठेवावा.

संध्याकाळ मित्राबरोबर कशी घालवावी, हे मी सांगायला नको; तरी एक सुचवतो. बव्हेरियातील 'बियरगार्टन'मध्ये चेस्टनटच्या झाडांखाली लाकडी बाकांवर बसायचे असते, आणि १८१२ च्या राजाज्ञेपासून चालत आलेल्या प्रथेप्रमाणे खाण्याचे पदार्थ घरून आणण्याची तेथे मुभा आहे. पेय मात्र तेथेच विकत घ्यावे लागते. बियर घेत नसाल तर सफरचंदाच्या रसात सोडा घातलेले पेय मिळते. ज्या टेबलावर कापड घातलेले असते तेथे वाढप्याची सेवा असते, म्हणून आपण उघड्या टेबलावर बसावे. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा एवढा डबा बांधून न्यावा. शेजारच्या टेबलावरचा म्हातारा बव्हेरियन ठेच्याकडे बोट दाखवून हे काय, असे विचारील; त्याला थोडाच द्यावा.

आता आपण पुढचे काम असे करावे. फेब्रुवारीत मित्राशी तारखा पक्क्या कराव्यात आणि निमंत्रणपत्र व नोंदणी दाखला मागवावा. सातबारा आणि आठ-अ अलीकडच्या तारखेचे काढून त्यांचे भाषांतर मार्चमध्ये करून घ्यावे, आणि यंदाच्या विक्रीच्या पट्ट्या व्यापाऱ्याकडून त्या त्या वेळीच मागून एका फायलीत लावत जावे. हंगाम संपल्यावर व्यापारी त्या शोधून देत नाही.